सेवियातली हिवाळी सुट्टी: तारखा, घरातली थंडी, शाकाहार आणि बाकीची माहिती

रानजाई:

नाताळच्या सुट्टीत दक्षिण स्पेनला जाणाऱ्यांचे प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरलेत. इथे फक्त सेवियाचं आणि फक्त हिवाळ्याचं बोलू. नकाशावर सेव्हिल दिसतं ते हेच शहर. डिसेंबर ते फेब्रुवारी हा हे शहर पायी बघण्याचा सर्वांत चांगला काळ आहे असं माझं ठाम मत आहे. पण दोन गोष्टी आधी कळल्या नाहीत तर सुट्टीचा विचका होतो: सुट्ट्यांच्या तारखा आणि थंडी. थंडी म्हणजे घरातली, बाहेरची नव्हे.

आधी हवा. जानेवारीत दुपारी १६ अंशांच्या आसपास, पहाटे ५-६. उन्हात स्वेटर काढावासा वाटतो आणि गल्लीच्या सावलीत शिरलं की लगेच परत चढवावा लागतो. त्यामुळे एक जाडजूड कोट नेण्यापेक्षा आत सुती, वर पातळ लोकरीचं आणि त्यावर पावसाला अडवणारं जाकीट असे तीन थर न्या. डिसेंबर हा इथला सर्वांत पावसाचा महिना, सरासरी १०० मिलीमीटरच्या घरात. अटलांटिककडून ढग आले की दोन-तीन दिवस लागोपाठ पडतो, मग आठवडाभर स्वच्छ निळं आकाश. त्यामुळे चार दिवसांपेक्षा सहा-सात दिवस हाताशी असलेले बरे.

उजेडाचंही बघा. स्पेनचं घड्याळ मध्य युरोपाचं, शहर मात्र पार पश्चिमेला. डिसेंबरअखेर सूर्य उगवतो साडेआठच्या पुढे आणि मावळतो सव्वासहाच्या सुमारास. सकाळी सातला बाहेर पडून 'लवकर सगळं बघून घेऊ' हा बेत इथे कामाचा नाही. मिट्ट काळोख असतो.

आता तारखा. ६ डिसेंबर संविधान दिन, ८ डिसेंबर मारियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. दोन्हींच्या मधले दिवस जोडून अख्खा स्पेन फिरायला निघतो, हॉटेलचे दर चढतात, रोषणाई बघायला मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. २४ डिसेंबरला दुपारी बार तुडुंब भरलेले आणि संध्याकाळी पाच-सहानंतर एकामागून एक शटर खाली. त्या रात्री लोक घरी जेवतात. २५ डिसेंबर, १ जानेवारी आणि ६ जानेवारी या तिन्ही दिवशी अल्कासार राजवाडा बंद आणि कॅथेड्रलही पर्यटकांना बंद. आपल्याकडचे लोक २५ आणि १ लक्षात ठेवतात, ६ जानेवारीला हमखास फसतात. स्पॅनिश मुलांना भेटवस्तू मिळतात त्या खरं तर ६ जानेवारीला, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या सणाला. ७ तारखेला सगळं उघडतं आणि त्याच दिवशी दुकानांत सेल सुरू होतो.

जुनापूल:

रानजाई यांनी ६ तारखेचं लिहिलं, त्याच्या आदल्या संध्याकाळचं मी लिहितो. ५ जानेवारीला तीन राजांची मिरवणूक निघते. आतेनेओ दे सेविया ही संस्था १९१८ पासून ती काढते. जुन्या तंबाखू कारखान्याची जी इमारत आता विद्यापीठाची आहे, तिथून दुपारी चारच्या सुमारास निघून रात्री दहाच्या आसपास परत तिथेच पोचते. रथांवरून गोळ्यांचा अक्षरशः वर्षाव होतो. लोक छत्री उलटी धरून गोळ्या झेलतात. गोळी कडक असते आणि जोरात येते, त्यामुळे चष्मेवाल्यांनी आणि कडेवर बाळ असणाऱ्यांनी पहिल्या रांगेत उभं राहू नये. चाकांजवळ गोळ्या वेचायला मुलांना सोडू नका, रथ ट्रॅक्टरने ओढलेले असतात आणि चालकाला खालचं दिसत नाही.

प्रवासाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे दुपारपासून मार्ग बंद होतात, बस वळवतात, टॅक्सी मध्यवस्तीत येत नाही. ५ तारखेला संध्याकाळी पोचणारी किंवा निघणारी गाडी घेऊ नका. घ्यावीच लागली तर मुक्काम सांता हुस्ता स्टेशनच्या बाजूला ठेवा, मिरवणुकीच्या आतल्या अंगाला नको.

पावसाचा अंदाज असेल तर तारीख बदलते. २०२५ साली मिरवणूक ४ जानेवारीलाच काढली होती. त्यामुळे २ तारखेपासून बातम्यांवर लक्ष ठेवा.

चिंचगूळ:

छान धागा. आम्ही पाच जण, त्यात दोन मुलं आणि सासूबाई. स्वयंपाक करता येईल म्हणून फ्लॅट घ्यायचा विचार आहे. घरातली थंडी म्हणजे नक्की काय? १६ अंश म्हणजे पुण्यात आम्ही पंखा लावतो.

टपालवाला:

चिंचगूळ, इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. जाड भिंती, संगमरवर किंवा टाइल्सची जमीन, उंच छत, मधे चौक, खिडक्या लहान. जुलैत घर गार राहावं म्हणून केलेली ही सगळी व्यवस्था जानेवारीतही गारच राहते. माद्रिदसारखं इमारतीला सामाईक हीटिंग सहसा नसतं. बाहेर दुपारी १७ अंश आणि खोलीत १४-१५, शिवाय दमट हवा, असं होतं. तळमजल्यावरचे आणि चौकाकडे तोंड असलेले फ्लॅट सर्वांत गार.

फ्लॅट घेताना मालकाला नेमकं विचारा: प्रत्येक झोपायच्या खोलीत गरम हवा देणारा एसी आहे का? जाहिरातीत नुसतं 'हीटिंग आहे' लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात दिवाणखान्यात एक एसी आणि कपाटात एक तेलाचा हीटर निघतो. दक्षिणेकडे खिडक्या असलेला वरचा मजला मिळाला तर उत्तम, पण सासूबाईंसाठी लिफ्ट आहे ना तेही विचारा. जुन्या वस्तीत तीन मजली घरांना लिफ्ट नसणं अगदी नेहमीचं.

रिमोटवर सूर्याचं चिन्ह म्हणजे गरम, बर्फाचं म्हणजे गार. ऑटोवर ठेवू नका. सूर्य निवडून २१-२२ लावा आणि झडपा खाली वळवा, कारण गरम हवा वर जाते आणि उंच छताशीच साठते. सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं पंखा फिरत नाही. यंत्र आधी तापतं, मग वारा सोडतं. बिघडला समजून बटणं दाबत बसू नका.

पुढचा घोळ विजेचा. स्पेनमध्ये प्रत्येक घराची मंजूर क्षमता ठरलेली असते आणि ती ओलांडली की वीज तुटते. जुन्या फ्लॅटमध्ये ती ३.४५ किंवा ४.६ किलोवॉट असते. आता हिशोब करा: एसी साधारण १ ते १.५, पाणी तापवायचा तेर्मो १.५, तेलाचा हीटर २, केटल २. सकाळी सगळे एकदम उठले आणि सगळं एकदम लावलं की अंधार.

अशा वेळी आधी केटल आणि हीटर बंद करा. दाराजवळ भिंतीत पांढरी पेटी असते, तिच्यातलं मुख्य बटण बघा. खाली पडलेलं असेल तर वर करा. सगळी बटणं वरच असतील आणि तरी वीज नसेल तर मीटरने पुरवठा तोडलेला आहे. मुख्य बटण खाली करा, काही सेकंद थांबा, परत वर करा. मीटर पुन्हा जोडून घेतो. तेवढ्यासाठी रात्री मालकाला उठवायची गरज नाही.

तेर्मोची टाकी बहुधा ५० ते ८० लिटरची. पाच जणांच्या लागोपाठ आंघोळी त्यात होत नाहीत. दोन रात्री, तीन सकाळी अशी वाटणी करा. टाकी परत तापायला तास-दीड तास तरी लागतो.

काही घरांत लांब जाड कापड घातलेलं गोल टेबल दिसेल, मेसा कामिया. त्याखाली विजेची शेगडी असते, ब्रासेरो. पाय कापडाखाली घालून बसायचं. सासूबाईंना फार आवडेल, पण मुलांचे मोजे आणि कापडाची टोकं शेगडीच्या जाळीला लागू देऊ नका आणि झोपताना प्लग काढा. ओले कपडे तिथे वाळत घालू नका, आगी अशाच लागतात.

कपड्यांवरून आठवलं, ड्रायर क्वचितच असतो. दमट दिवसांत जीन्स दोन दिवस वाळत नाही. पातळ कपडे न्या. आणि प्रत्येकाला घरात घालायच्या जाड तळाच्या चपला. याहून उपयोगी वस्तू बॅगेत दुसरी नाही.

चिंचगूळ:

ही माहिती कुठेच मिळाली नव्हती! कुकर न्यायचा का मग?

रानजाई:

शेगडी कोणती ते विचारल्याशिवाय नेऊ नका. इंडक्शन असेल तर आपला साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, लोहचुंबक चिकटेल असाच तळ लागतो. काचेची साधी विजेची शेगडी असेल तर सपाट तळाचा चालतो. गोल तळाची कढई दोन्हींवर निरुपयोगी. तसं पाहता कुकरची गरजही कमी पडते. सुपरमार्केटमध्ये शिजवलेले हरभरे, मसूर आणि पांढरा राजमा काचेच्या बरण्यांत मिळतात. फक्त पाणी, मीठ आणि कडधान्य असलेलीच बरणी घ्या, तयार आमटीसारख्या डब्यांत चोरिसो म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं.

बेसन 'आरिना दे गार्बान्सो' नावाने मिळतं, कादिसच्या बाजूला कोळंबीची धिरडी त्याचीच करतात. जिरे 'कोमिनो', हळद 'कुर्कुमा', कोथिंबीर 'सिलान्त्रो'. दही साधं घ्यायचं तर 'नातुराल' लिहिलेलं आणि साखर नसलेलं बघा. मोहरी, हिंग आणि गोडा मसाला मात्र घरून न्या. मोठी सुपरमार्केट रविवारी बंद असतात, नाताळच्या आधीचे काही रविवार तेवढे अपवाद. २४ला दुपारपर्यंतच खरेदी उरका.

मोरपंख:

शाकाहाराचं मी लिहिते, कारण इथे 'शाकाहारी आहे' एवढं सांगून भागत नाही. 'सिन कार्ने' म्हटलं की मांस नको एवढंच कळतं. हॅम म्हणजे हामोन आणि ट्यूना म्हणजे आतुन हे वाढणाऱ्याच्या मनात मांसात मोडतीलच असं नाही. म्हणून वेगवेगळं सांगा: सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतुन, सिन पेस्कादो (मासे नको). आमटी किंवा भाजी असेल तर 'सिन काल्दो दे कार्ने' हेही, म्हणजे मांसाचं पाणी नको.

निर्धास्तपणे मागण्यासारखा इथला खास पदार्थ एस्पिनाकास कोन गार्बान्सोस: पालक, हरभरे, लसूण, जिरे, लाल मिरची पूड आणि दाटपणासाठी तळून वाटलेला पाव. चव आपल्या डाळ घातलेल्या पालेभाजीच्या फार जवळ जाते. त्याच्यासोबत वांग्याचे तळलेले काप आणि वरून उसाची काकवी, बेरेनहेनास कोन मिएल. मात्र छोट्या बारमध्ये तळणीचं तेल मासळीशी सामाईक असतं. चालत नसेल तर तळलेलं टाळाच. साल्मोरेखो हे टोमॅटो-पावाचं घट्ट गार सार, वरती हॅमचे तुकडे आणि अंडं घालूनच येतं, दोन्ही नको म्हणून ऑर्डर देतानाच सांगा. पापास आलिन्यास म्हणजे ऑलिव्ह तेल-व्हिनेगरमधले बटाटे, त्यात ट्यूना असतो. 'एन्सालादा मिक्स्ता' हे नाव भाज्यांचं वाटतं, पण तिच्यातही ट्यूना.

नाश्ता सोपा: भाजलेला पाव, किसलेला टोमॅटो, ऑलिव्ह तेल, मीठ.

आणि सणाचं गोड! हे नीट वाचा. नाताळात प्रत्येक हॉटेलच्या काउंटरवर आणि प्रत्येक बारमध्ये कागदात गुंडाळलेले मान्तेकादो आणि पोल्व्होरोन ठेवलेले असतात. सेविया प्रांतातलं एस्तेपा हे गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. ते डुकराच्या चरबीत करतात. दिसायला नानकटाई, त्यामुळे मुलांच्या हातात चटकन जातात. घटकांत 'मान्तेका दे सेर्दो' लिहिलं असेल तर तीच ती चरबी. ऑलिव्ह तेलाचेही मिळतात, पाकिटावर 'आसेइते दे ओलिवा' स्पष्ट असतं, तरी मागची यादी वाचा, कधी दोन्ही असतात. तुरोन म्हणजे बदाम-मधाची चिक्की, तिच्यात चरबी नसते पण अंड्याचा पांढरा भाग असतो. अंडंसुद्धा नको असेल तर कास्तियेहा दे ला कुएस्ता गावची तोर्तास दे आसेइते घ्या: मैदा, ऑलिव्ह तेल, साखर, तीळ, बडीशेप. पातळ, खुसखुशीत आणि प्रवासात टिकणारी.

रोस्कोन हा तीन राजांचा गोल पाव ५ जानेवारीच्या आसपास सगळीकडे मिळतो. त्यात एक छोटी बाहुली आणि एक सुका घेवड्याचा दाणा लपवलेला असतो. लहान मुलांना देण्याआधी तुकडा तोडून बघा, घशात अडकू शकतं.

गावठाण:

मोरपंख, उत्तम लिहिलंत. फक्त एक पुरवणी, पालक-हरभरेही दर ठिकाणी निखळ नसतात. काही ठिकाणी मांसाच्या पाण्यात शिजवतात, तेव्हा काल्दोचा प्रश्न तिथेही विचाराच. आणि मुरवलेल्या चीजमध्ये, विशेषतः मान्चेगो या मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये, प्राण्यांचं रेनेट म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ असतो. काटेकोर पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

जेवणाच्या वेळांबद्दल कुणी लिहिलं नाही. स्वयंपाकघर दुपारी दीड ते चार आणि रात्री साडेआठनंतर. मधल्या वेळात बार उघडा दिसतो पण कॉफी आणि ऑलिव्हखेरीज काही मिळत नाही. मुलांना सातला भूक लागते, तेव्हा संध्याकाळचं काहीतरी पिशवीत ठेवा. भाजलेले चेस्टनट रस्त्यारस्त्यावर कागदी सुरळीत मिळतात. ते गरम असतानाच सोलावेत, गार झाले की आतली साल सुटत नाही.

रानजाई:

स्थळांकडे वळते. अल्कासार हिवाळ्यात साडेनऊ ते पाच, शेवटचा प्रवेश चारला. तिकीट नावानिशी असतं, दारात मूळ पासपोर्ट मागतात. मोबाइलमधला फोटो प्रत्येक वेळी चालेल असं धरू नका. वेळेचा खण (स्लॉट) आधी निवडावा लागतो आणि २६ ते ३० डिसेंबर तसंच २ ते ४ जानेवारीचे खण बरेच आधी संपतात. सकाळचा पहिला खण घ्या, बागेत ऊन मात्र अकरानंतर येतं. म्हणून आधी महाल, मग बाग. वरच्या मजल्यावरच्या राजघराण्याच्या दालनांचं तिकीट वेगळं. सोमवारी शेवटचा तास जवळपास फुकट असतो पण तोही आधी आरक्षित करावा लागतो, आणि एका तासात हा राजवाडा होत नाही. पहिल्यांदा येणाऱ्यांनी त्या मोहात पडू नये.

कॅथेड्रलच्या तिकिटातच हिराल्दा मनोरा येतो. चिंचगूळ, सासूबाईंचं वर जाणं अशक्य नाही. बाराव्या शतकातला हा मूळ मशिदीचा मिनार, आणि बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून आत पायऱ्यांऐवजी ३५ उतरणी केल्या असं सांगतात. वळणावळणाला खिडकी आणि टेकायला जागा आहे. फक्त अगदी शेवटी थोड्या पायऱ्या. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, त्यामुळे दम राखून ठेवा. रविवारी कॅथेड्रल पर्यटकांना दुपारनंतरच उघडतं.

कॅथेड्रलच्या आसपास रोझमेरीची डहाळी हातात कोंबणाऱ्या बायका असतात. घेतली की हात बघून भविष्य सांगतात आणि पैसे मागतात. हात खिशात, मान हलवून पुढे चालू लागा.

कलासंग्रहालय आणि इंडीजचं अभिलेखागार (स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतींची जुनी कागदपत्रं) दोन्ही सोमवारी बंद. अभिलेखागार १७८५ मध्ये स्थापन झालं, प्रवेश फुकट, अर्धा-पाऊण तास पुरतो. पावसाच्या दुपारी मुरियो या सेवियाच्या जुन्या चित्रकाराची चित्रं बघायला संग्रहालयात जा. तिथली मुख्य दालनं जुन्या मठाच्या चर्चमध्ये आहेत आणि तेवढं एक दालनसुद्धा तास खाऊन जातं.

जुनापूल:

पावसाइतकाच वारा महत्त्वाचा. हवामान खात्याने जोरदार वाऱ्याचा इशारा दिला की महापालिका बागा बंद करते, कारण जुन्या झाडांच्या फांद्या पडतात. मारिया लुइसा बाग बंद झाली की तिला लागून असलेला प्लाझा दे एस्पान्याही अनेकदा बंद असतो. १९२९ च्या प्रदर्शनासाठी वास्तुकार आनिबाल गोन्सालेसने उभारलेली ही अर्धवर्तुळाकार वास्तू कुणालाच चुकवायची नसते. म्हणून ती शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. पहिल्या उजळ दिवशीच उरका. दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन तिथल्या टाइल्सवर सुंदर पडतं.

पावसात संगमरवरी उंबरे आणि गुळगुळीत फरशा भयंकर निसरड्या होतात. रबरी तळाचे बूट हवेत.

उत्तरायण:

मुंबईहून येणाऱ्यांसाठी. सेवियाला थेट विमान नाही. माद्रिदला उतरून रेल्वे हा सर्वांत सरळ मार्ग, किंवा युरोपातल्या दुसऱ्या शहरात विमान बदलून थेट सेविया. दुसऱ्या मार्गात पासपोर्टची तपासणी पहिल्या शेंगेन (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांतल्या) विमानतळावर होते, तिथे दोन तासांहून कमी वेळ ठेवू नका. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, पहिल्या वेळी त्यात जास्त वेळ जातो.

व्हिसा स्पेनचा, अर्ज बीएलएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून. मोठ्यांना शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं, सहाखालच्यांना नाही. केंद्राचा सेवाआकार वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नाताळासाठी सप्टेंबरातच भेटीची वेळ घ्या, दिवाळीनंतर वेळा मिळत नाहीत. विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. पोर्तुगालही जोडणार असाल तर जिथे जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज. अर्ज नाकारला जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कागद एकमेकांशी न जुळणं: हॉटेलच्या रात्री, विमानाच्या तारखा, रजेचं पत्र आणि विम्याची मुदत एका ओळीत लावून तपासा.

माद्रिद विमानतळावर टी-४ म्हणजे चौथ्या टर्मिनलमधून लोकल गाडी थेट आतोचा स्टेशनला जाते, अर्ध्या तासाच्या आत. बाकीच्या टर्मिनलवरून टी-४ ला फुकट बस आहे. रेन्फे या सरकारी रेल्वे कंपनीच्या लांब पल्ल्याच्या तिकिटावर एक कोड असतो, तो लोकलच्या यंत्रात टाकला की त्या लोकलचं तिकीट फुकट मिळतं. पुष्कळांना माहीत नसतं. आतोचाहून सेविया अडीच तास. सामान क्ष-किरण यंत्रातून जातं, फाटक गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतं. विमान आणि गाडी यांत चार तासांचं अंतर ठेवा. स्वस्त तिकीट बदलता येत नाही.

कॅथेड्रलजवळच्या सांता क्रूस या जुन्या वस्तीत मुक्काम असेल तर टॅक्सी गल्लीत शिरत नाही. शेवटचे दोनतीनशे मीटर दगडी फरशीवरून बॅग ओढावी लागते. मोठ्या दोन बॅगांपेक्षा लहान चार बऱ्या.

गावठाण:

माझं मत थोडं वेगळं आहे, मोकळेपणाने मांडतो. शाळेची सुट्टी आडवी येत नसेल तर नाताळ सोडा आणि ८ जानेवारी ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा निवडा. पाऊस डिसेंबरपेक्षा कमी, दर वर्षातले सर्वांत उतरलेले, अल्कासारला दोन दिवस आधीही खण मिळतो, तीन बंद दिवसांचं झंझट नाही. दिवसही हळूहळू मोठा होतो.

रानजाई:

गावठाण, दरांचं आणि गर्दीचं पूर्ण पटतं. पण मग गव्हाणीचे म्हणजे येशूजन्माचे देखावे हुकतात, आणि ते मला फार मोलाचे वाटतात. चर्च, बँका, महापालिका, सगळीकडे फुकट बघता येतात. वाहतं पाणी, भट्टीत पाव भाजणारा माणूस, कोपऱ्यात कापूस पिंजणारी बाई असं अख्खं गाव मांडलेलं असतं. मूर्तींचा बाजारही कॅथेड्रलच्या बाजूला भरतो, नाताळच्या आधीच आवरतो. मुलं बरोबर असतील तर मी डिसेंबरच सुचवेन.

मोरपंख:

जानेवारीच्या बाजूने आणखी एक गोष्ट: संत्री. रस्त्यारस्त्यावर झाडं लगडलेली असतात आणि तोडणी जानेवारी-फेब्रुवारीत होते. तोडून खाऊ नका. जातच कडू आहे, शिवाय रहदारीचा धूर बसलेला. हेच फळ ब्रिटनला मार्मालेडसाठी जातं. खाली पडून चिरडलेल्या संत्र्यांवरून पाय घसरतो, पदपथावर खाली बघून चाला.

त्या कडू संत्र्याचं मार्मालेड सांता पाउला मठातल्या जोगिणी करतात आणि विकतात. सान लेआन्द्रो मठात येमास, म्हणजे साखरेच्या पाकातले अंड्याच्या बलकाचे गोळे. काही मठांत जोगिणी बाहेरच्यांसमोर येत नाहीत. भिंतीत तोर्नो नावाचं उभं लाकडी फिरतं कपाट असतं. घंटा वाजवायची, आतून 'आवे मारिया पुरिसिमा' असा आवाज येतो, आपण 'सिन पेकादो कोन्सेबिदा' म्हणायचं. भिंतीवरच्या यादीतलं नाव आणि वजन सांगायचं, पैसे कपाटात ठेवायचे, कपाट फिरतं आणि खोका समोर येतो. रोख आणि शक्यतो सुटे पैसे न्या. दुपारी बंद असतं. खोक्यावर घटक लिहिलेले नसतील तर चरबीबद्दल आधी विचारा, नंतर परत करता येत नाही.

जुनापूल:

एका दिवसाच्या सहली थोडक्यात. कोर्दोबा वेगवान गाडीने ४५ मिनिटं. तिथली मशीद-कॅथेड्रल सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट असते, पण त्यासाठी सातच्या आधी गाडी धरावी लागते, थंडीत आणि अंधारात. मुलांना घेऊन नको. दहाला तिकीट काढून जा.

इतालिका हे रोमन शहर बसने अर्ध्या तासाच्या आत, प्लाझा दे आर्मास स्थानकावरून एम-१७०ए. सम्राट ट्राजनचा जन्म तिथला. भारतीयांना तिकीट दीड युरो, सोमवारी बंद, रविवारी दुपारीच बंद. पावसानंतर दोन दिवस चिखल. आडोसा जवळजवळ नाही, टोपी न्या. कादिस रेल्वेने पावणेदोन तासांच्या आत. समुद्राचा वारा बोचरा, पण उजळ दिवशी हिवाळ्यातही लोक कठड्यावर ऊन खात बसलेले असतात.

ग्रानादा शहरातला अल्हाम्ब्रा हा किल्ला-राजवाडा एका दिवसात कोंबू नका. तिथे रात्री तापमान शून्याखाली जातं, कपडेही वेगळे लागतात. एक मुक्काम करा.

चिंचगूळ:

सगळ्यांचे खूप आभार. तिकिटं २३ ते ३० डिसेंबर अशी मिळताहेत. मग २४ची संध्याकाळ आणि २५चा दिवस कसा घालवायचा?

टपालवाला:

२३ला पोचल्यावर लगेच दूध, पाव, भाज्या, बरणीतले हरभरे भरून ठेवा. २४ला सकाळी नदीपलीकडच्या त्रियाना वस्तीचा बाजार बघा, पूल ओलांडला की लगेच उजवीकडे. दुपारचं जेवण दीडला, त्याआधी टेबल सांगून ठेवा. चारनंतर देखावे आणि रोषणाई, सातपर्यंत घरी. बस आणि मेट्रो त्या संध्याकाळी लवकर आवरतात, त्यामुळे शेवटचा टप्पा चालत येईल इतक्याच अंतरावर राहा. रात्री घरीच स्वयंपाक.

२५ला दहापर्यंत रस्ते रिकामे. नदीकाठाने सोन्याच्या मनोऱ्यापासून (तोर्रे देल ओरो) निघून प्लाझा दे एस्पान्यापर्यंत सरळ सपाट चालणं, सासूबाईंना वाटेत बाकं आहेत. दुपारी काही रेस्टॉरंट उघडी असतात, पण ठरावीक महाग जेवणच देतात. आशियाई आणि तुर्की खाणावळी उघड्या सापडतात. २६ रविवारी येतोय का ते कॅलेंडरात बघा (मोठी सुपरमार्केट बंद, कॅथेड्रल दुपारनंतर), आणि अल्कासारचा २६चा सकाळचा खण आजच घेऊन टाका.